कंपाऊंड धनुष्य घेताना: मापापासून ट्यूनिंगपर्यंतची कामं, त्यांच्या क्रमाने

सातारा-सांगलीकडे घरात कंपाऊंड धनुष्य (टोकांना फिरणारी चाकं, म्हणजे कॅम, असलेलं धनुष्य) घ्यायचं ठरलं की आधी मोबाइल उघडला जातो. समोर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि हरीण, एल्क, अस्वल अशा मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी धनुष्य कसं निवडावं हे सांगणारे असतात. तिथल्या शिकाऱ्याला तो सल्ला उपयोगी पडतो. आपल्याकडे मात्र तो ऐकून सत्तर पाउंड जोराने खेचावं लागणारं, आखूड, मातकट-हिरव्या ठिपक्यांचं धनुष्य येतं आणि मैदानावर पहिल्याच दिवशी कळतं की पोराला ते खेचत नाही, ड्रॉ लेंथ (स्ट्रिंग, म्हणजे प्रत्यंचा, मागे किती खेचायची ते माप) दोन इंच मोठी आहे आणि त्या रंगाचं धनुष्य स्पर्धेत चालतही नाही. दुकानदार परत घेत नाही. मग निम्म्या किमतीत विकायची वेळ येते.

हे टाळता येतं. त्यासाठी कामं ठरलेल्या क्रमाने करायची: डोळा, ड्रॉ लेंथ, वजन (खेचायला लागणारा जोर), धनुष्य, रिलीज (स्ट्रिंग पकडून सोडायचं हातातलं छोटं यंत्र), बाण आणि शेवटी बाकीचं सामान. बहुतेक जण हाच क्रम उलटा लावतात.

## टप्पा ०: धनुष्य कशासाठी, ते आधी ठरवा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पश्चिमेकडचा पट्टा तर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. रानडुकरं पीक लोळवतात, गवे ऊस-भात तुडवतात, हे नुकसान खरं आहे आणि त्याचा त्रासही खरा आहे. त्यावरचा मार्ग पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज आणि वनखात्याची परवानगी या वाटेनेच जातो. ‘रात्री शेतावर राखणीला उपयोगी पडेल’ म्हणून कंपाऊंड धनुष्य घेऊ नका. गुन्हा दाखल होईल तो धनुष्य हातात धरणाऱ्यावर.

म्हणून हा लेख निशाण्यावरच्या तिरंदाजीसाठी आहे. कंपाऊंड प्रकारात ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचं सहा वर्तुळांचं टार्गेट असतं. पात्रता फेरीत ७२ बाण, म्हणजे ७२० पैकी गुण. त्यापुढच्या वैयक्तिक लढतीत १५ बाण, १५० पैकी गुण. साताऱ्यात घडलेली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला वयाच्या १७व्या वर्षी विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत, साताऱ्यातच सराव केलेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५० पैकी १५० मारले. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. त्यामुळे या प्रकाराकडे वळणारी मुलं वाढली, आणि घाईची खरेदीही वाढली.

शिकारीच्या धनुष्याची गरज वेगळी का, हे समजलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. तिकडचा शिकारी झाडावरच्या मचाणात किंवा झुडपात बसतो, म्हणून त्याला आखूड धनुष्य लागतं. दिवसभरात तो एखादाच बाण सोडतो, तोही वीस-तीस यार्डांवरून. बाण शरीरात खोल जायला हवा, म्हणून साठ-सत्तर पाउंड वजन, जड बाण आणि पात्याचं टोक. पहाटेच्या अंधुक उजेडात नेम धरायचा, म्हणून साईटमध्ये (नेम धरायच्या भागात) तीन-चार चमकत्या पिना आणि मोठ्या भोकाचा पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेली, आरपार बघायची बारीक कडी). आपल्याला भर उजेडात, एकाच अंतरावर, एका दिवसात शंभरहून जास्त बाण एकसारखे सोडायचे असतात. दोघांचं सामान सारखं असणं शक्यच नाही.

तपासा: जाहिरातीत ‘हंटिंग’ लिहिलंय की ‘टार्गेट’? वेग मोठ्या अक्षरांत आणि बाकी मापं बारीक अक्षरांत असतील तर पान बंद करा.

## टप्पा १: कुठला डोळा, कुठला हात

दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे रुपयाएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा विजेचा खांब बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब फटीतच दिसत राहतो तो तुमचा प्रबळ डोळा. हे तीन-चार वेळा करा, कारण मुलं पहिल्यांदा आई-बाबांना हवं ते उत्तर देतात.

प्रबळ डोळा उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य घ्यायचं, म्हणजे ते डाव्या हातात धरायचं आणि उजव्याने खेचायचं. मूल उजव्या हाताने लिहितं पण डोळा डावा प्रबळ आहे, असं असेल तर खरेदी थांबवा. आधी सरांशी बोला. कंपाऊंडमध्ये पीप असल्यामुळे प्रबळ नसलेला डोळाही चालवता येतो, पण त्याचा निर्णय मैदानावर दोन्ही बाजूंनी खेचून बघूनच घ्यायचा.

## टप्पा २: ड्रॉ लेंथ

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे सावकाश जा.

रिकर्व्ह किंवा बांबूचं धनुष्य थोडं कमी-जास्त खेचलं तरी चालून जातं. कंपाऊंडचं तसं नाही. त्याचे कॅम ठरावीक लांबीला येऊन थांबतात. त्या थांब्याला ‘वॉल’ म्हणतात. वॉल तुमच्या शरीराच्या मापाला आली नाही, तर शरीर वाकडं करून तिला जुळवून घ्यावं लागतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

पहिला अंदाज. भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही हात आडवे पसरा, पण ताणू नका. मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला लावा. आलेल्या इंचांना २.५ने भागा. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर म्हणजे ६५ इंच, आणि ६५ भागिले २.५ म्हणजे २६ इंच. हा फक्त अंदाज आहे. हात पसरताना छाती फुगवली की माप एखाद्या इंचाने वाढतं.

दुसरं, खरं माप. क्लबमधलं ड्रॉ लेंथ बदलता येणारं धनुष्य कमी वजनावर लावा. जे रिलीज पुढे वापरणार तेच हातात घ्या, कारण रिलीजच्या आणि डी-लूपच्या (रिलीज अडकवायचा स्ट्रिंगवरचा छोटा फास) लांबीने अँकर (खेचलेला हात चेहऱ्यावर टेकतो ती जागा) पुढेमागे होतो. पूर्ण खेचून, डोळे मिटून दोन श्वास घ्या. मग बाजूने फोटो काढा. फोटोत हे बघा:

- डोकं ताठ आहे का? मागे झुकलं असेल तर ड्रॉ लेंथ मोठी आहे.
- पुढचा खांदा खाली बसलाय का? कानाकडे चढला असेल तर बहुतेक वेळा ड्रॉ लेंथ मोठी असते, नाहीतर वजन जास्त असतं.
- स्ट्रिंग नाकाच्या टोकाला अलगद टेकते का? तिच्यासाठी मान पुढे न्यावी लागत असेल तर माप लहान आहे.
- धनुष्याचा हात कोपरात बराच वाकलाय का? तरीही माप लहान.
- खेचणारं कोपर बाणाच्या रेषेत आहे का?

फोटो उन्हात काढू नका. चेहरा आक्रसतो आणि मान आपोआप हलते.

कागदावरचं माप. उत्पादक लिहितात ते माप पूर्ण खेचलेल्या स्थितीत नॉकपासून (बाणाची मागची खाच) ग्रिपच्या (धनुष्याची मूठ) सगळ्यात खोल बिंदूपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच असं असतं. बाणाची लांबी हे वेगळं माप आहे. ‘माझे बाण २८चे आहेत, म्हणून धनुष्य २८चं द्या’ असं फोनवर सांगितल्याने चुकीच्या मापाची धनुष्यं आल्याचं बरेचदा पाहिलंय.

सावध: ‘पोरगं वाढतंय, दोन इंच जास्तीचं घेऊ’ हा हिशोब शाळेच्या गणवेशात ठीक आहे. इथे आजच्या मापाचं धनुष्य लागतं. हवं असेल तर वाढीची सोय असलेलं घ्या, म्हणजे ज्याच्या कॅमवरचा छोटा तुकडा, म्हणजे मॉड्यूल, फिरवून अर्ध्या-अर्ध्या इंचाने ड्रॉ लेंथ वाढवता येते असं. पण ते आजच्या मापावर लावूनच वापरायला सुरुवात करा.

दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. डी-लूप किंचित लांब करून थोडी भर घालता येते. मोठं माप कमी करायला तेवढी सोपी वाट नसते.

## टप्पा ३: किती पाउंड

जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमाने कंपाऊंडची कमाल मर्यादा ६० पाउंड आहे. त्यामुळे सत्तरचं धनुष्य घेऊन स्पर्धेला उतरायचं तर ते खाली उतरवावंच लागतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी किमान पाउंडांची अट असते. तिथे जड धनुष्याचं कौतुक आहे ते त्यामुळे. आपल्या टार्गेटला भोक पडलं की काम झालं.

कंपाऊंड खेचताना वजन मध्यावर सगळ्यात जास्त लागतं आणि शेवटी एकदम हलकं होतं. या सुटीला लेट-ऑफ म्हणतात. ५० पाउंडांच्या धनुष्याला ७५ टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण खेचल्यावर हातात साडेबारा पाउंडच राहतात. यामुळेच फसगत होते. मूल एकदा जोर लावून मधला टप्पा पार करतं, मग आरामात धरून उभं राहतं, आणि घरच्यांना वाटतं की झेपतंय.

झेपतंय का ते असं बघा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, धनुष्य टार्गेटच्या उंचीवर. आता ते वर आभाळाकडे न नेता सरळ मागे खेचा. जमलं? पंधरा सेकंद धरा. मग बाण न सोडता तितक्याच सावकाश परत पुढे आणा. परत आणताना हात झटक्याने ओढला गेला तर वजन जास्त आहे. हे एकदा जमून भागत नाही. सरावाच्या शेवटी, दमलेल्या हातांनी पुन्हा करून बघा.

आभाळाकडे नेऊन खेचायची सवय दिसायला साधी वाटते, पण ती धोक्याची आहे. त्या कोनात रिलीज चुकून सुटलं तर बाण टार्गेटच्या कितीतरी पुढे जातो. सांगलीकडच्या मैदानांमागे बरेचदा ऊस उभा असतो आणि फडात कोण काम करतंय ते दिसत नाही. निशाण्यामागे उंच मातीचा बांध किंवा जाळी नसेल तिथे कंपाऊंड चालवूच नका.

वजन ठरवताना धनुष्याच्या टप्प्याचा मधला भाग आपल्या वाट्याला येईल असं बघा. आज ३८ पाउंड झेपतात, तर ३० ते ४० किंवा ३५ ते ४५ असा टप्पा ठीक. ४० ते ५०चं धनुष्य घेऊन लिंबचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट मर्यादेपलीकडे सैल करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. किती फेरे सोडता येतात ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्यापुढे अर्धा फेराही नको, आणि दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे.

## टप्पा ४: आता धनुष्य

डोळा, ड्रॉ लेंथ आणि पाउंड कागदावर आले की यादी आपोआप लहान होते. उरलेल्यांत हे बघा.

दोन कॅमच्या आसांमधली लांबी. शिकारीची धनुष्यं साधारण २८ ते ३३ इंच, टार्गेटची ३६ ते ४०. लांब धनुष्य हातात स्थिर राहतं आणि खेचल्यावर स्ट्रिंगचा कोन उघडा राहतो, त्यामुळे ती नाकाला नीट टेकते. इथे एक सूट आहे. २५-२६ इंच ड्रॉ लेंथच्या लहान चणीच्या मुलीला ३४-३६चं धनुष्यही चांगलं बसतं आणि खांद्यावर भारही कमी येतो. उंच मुलाने मात्र आखूड घेऊ नये.

ब्रेस हाईट. ग्रिपपासून स्थिर स्ट्रिंगपर्यंतचं अंतर. ते कमी असलं की बाण स्ट्रिंगवर जास्त वेळ राहतो. वेग वाढतो आणि हाताची चूकही बाणात जास्त उतरते. शिकणाऱ्याने सात इंच किंवा जास्त बघावं.

वेग. जाहिरातीतला आकडा बहुधा ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ लेंथ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं एकक) बाण धरून मोजलेला असतो. तुमचे ४० पाउंड आणि २६ इंच असतील तर तो वेग तुम्हाला कधीच दिसणार नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

कॅमचा स्वभाव. काही कॅम शेवटी एकदम घसरतात, आणि थोडं सैल सोडलं की धनुष्य हातातून पुढे झेपावतं. काही मऊ असतात. पहिल्या धनुष्याला मऊ कॅम घ्या.

रंग. जागतिक नियमांत मिलिटरी-जंगली ठिपक्यांचा रंग सामानाला आणि कपड्यांना चालत नाही. साधा रंग घ्या.

सुटे भाग. स्ट्रिंग-केबलचा संच, मॉड्यूल आणि लिंब आपल्याकडे किती दिवसांत मिळतात, हे दुकानदाराला आधी विचारा. होयट, मॅथ्यूज, पीएसई या सगळ्यांची टार्गेट धनुष्यं चांगली आहेत. पण तुमच्या मैदानावर ज्याचं बो-प्रेसवरचं (धनुष्य दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) काम सरांना येतं ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. मला हा मुद्दा ब्रँडपेक्षा मोठा वाटतो.

जुनं धनुष्य घेत असाल तर लिंबवरून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला की तिथे तडा आहे. कॅमच्या कडा वाकल्यात का, आस सरळ आहेत का, स्ट्रिंगवर केस उभे राहिलेत का, हे बघा. ‘याचं कधी ड्राय फायर झालंय का’ हे स्पष्ट विचारा. ड्राय फायर म्हणजे बाण न लावता स्ट्रिंग सोडणं. बाणात जायची सगळी ताकद धनुष्यातच फुटते आणि त्यात लिंब, कॅम, केबल काहीही तुटू शकतं. उत्तर देताना माणूस घुटमळला तर व्यवहार सोडून द्या.

सावध: दुकानात कुणी कौतुकाने रिकामं धनुष्य खेचायला दिलं तर घेऊ नका. बाण लावलेला असावा, समोर टार्गेट असावं.

## टप्पा ५: रिलीज

लोक हे शेवटी घेतात, कारण ते छोटं असतं. खरं तर ते धनुष्याच्या बरोबरीनेच ठरलं पाहिजे, कारण त्यानेच अँकर ठरतो आणि टप्पा २मधलं माप त्यावरच अवलंबून असतं.

मनगटाच्या पट्ट्याचं, तर्जनीने दाबायचं रिलीज शिकाऱ्यांत जास्त चालतं. हातातून पडत नाही आणि चटकन अडकवता येतं. पण तर्जनीला ‘आत्ता सोड’ म्हणायची सवय लागते आणि टार्गेटचं पिवळं केंद्र दिसलं की बोट झटका देतं. टार्गेटवाले बहुतेक अंगठ्याचं किंवा पाठीच्या ताणाने फिरून सुटणारं रिलीज वापरतात. सुरुवातीला अंगठ्याचं घ्या, ट्रिगर थोडा जड लावा. फिरणारं रिलीज पुढे, सरांच्या देखरेखीखाली.

नवीन रिलीजने पहिल्याच दिवशी धनुष्य खेचू नका. आपल्या ड्रॉ लेंथएवढ्या दोरीचा फास करून त्यावर सराव करा. खेचताना अंगठा ट्रिगरपासून दूर, मागच्या खुंटीला धरलेला असला पाहिजे. अंगठा आधीच ट्रिगरवर गेला तर ते आपल्याच तोंडावर सुटतं.

तपासा: रिलीज ठरलं? मग टप्पा २चा फोटो त्याच रिलीजने पुन्हा काढा.

## टप्पा ६: बाण

धनुष्यावर पैसे संपले म्हणून बाण ‘मिळतील ते’ घेतले जातात. मला विचाराल तर बजेट कमी असताना धनुष्य एक पायरी खालचं घ्या, पण बाण बरोबर घ्या. साध्या धनुष्यातून जुळलेले बाण एका जागी गट करून लागतात. भारी धनुष्यातून न जुळलेले बाण विखुरतात.

लांबी. पूर्ण खेचल्यावर बाणाचा दांडा रेस्टच्या (बाण टेकवायचा आधार) पुढे सुमारे एक इंच राहिला पाहिजे. लांब बाण लावून, खेचून, दुसऱ्याला खूण करायला सांगा. बाण आखूड पडून रेस्टच्या मागे घसरला आणि त्याच वेळी सुटला तर तो हातात घुसतो. वाढत्या मुलाला दीड इंच ठेवा.

स्पाईन, म्हणजे बाणाचा कडकपणा. २८ इंचांच्या आधारांवर दांडा आडवा ठेवून मधे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि तो किती इंच वाकला ते बघतात. अर्धा इंच वाकला तर स्पाईन ५००. म्हणजे आकडा जितका लहान तितका बाण कडक. पाउंड वाढले, बाण लांब ठेवला किंवा टोक जड लावलं की कडक स्पाईन लागतो. उत्पादकाच्या तक्त्यात या तीन गोष्टी खऱ्या-खऱ्या भरा. ‘पुढे पन्नास करणारच आहे’ म्हणून आज पन्नास भरू नका. शिकारीच्या पात्याच्या जड टोकाचा तक्ताही उघडू नका. तो वेगळा असतो.

वजन. दर पाउंडाला किमान पाच ग्रेन हा बहुतेक उत्पादकांचा नियम. ४० पाउंडांच्या धनुष्याला पूर्ण बाण, टोक-नॉक-पिसांसह, २०० ग्रेनच्या खाली नको. त्याहून हलका बाण म्हणजे अर्धं ड्राय फायर. मैदानावर वाऱ्यात सहसा याच्या बराच वरचा बाण बरा पडतो.

तोल. बाण बोटावर तोलून नॉकच्या खाचेपासून तोलाच्या बिंदूपर्यंत मोजा. २८ इंचांचा बाण साडेसतरा इंचांवर तोलला, तर मध्यापासून (१४) साडेतीन इंच पुढे. साडेतीन भागिले २८ म्हणजे साडेबारा टक्के. टार्गेटला दहा ते पंधराच्या मधे असलं की पुरे.

जाडी. जागतिक नियमांत दांड्याला ९.३ मिलिमीटरची मर्यादा आहे. १८ मीटरच्या बंदिस्त स्पर्धेत रेषेला चटकन लागावा म्हणून जाड बाण वापरतात, ५० मीटरला वाऱ्यामुळे बारीक. पहिल्या डझनासाठी बारीक ते मध्यम घ्या. दोन प्रकार सुरुवातीला नकोत.

डझनभर एकाच लॉटचे घ्या, प्रत्येकावर क्रमांक टाका.

तपासा, रोज: कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा आणि फिरवा. कडकड आवाज आला किंवा चीर दिसली तर तिथेच मोडून फेका. चिकटवून वापरायचा नाही. तडकलेला बाण सुटताना फुटला तर कार्बनच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

## टप्पा ७: बाकीचं सामान

रेस्ट. टार्गेटला पातळ पात्याचा रेस्ट किंवा बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट. शिकारीच्या व्हिडिओत दिसणारा, बाणाला चहूबाजूंनी ब्रशने धरणारा रेस्ट जंगलात बाण पडू नये म्हणून असतो. आपल्याला तो नको. पातं हलक्या बाणाला पातळ आणि जड बाणाला जाड लागतं. ते खर्ची पडणारं आहे, दोन जास्तीची ठेवा.

साईट आणि स्कोप (साईटवरचं भिंगाचं गोल कडं). एक पिन, बबल (धनुष्य सरळ उभं आहे का ते दाखवणारा) आणि भिंग. साईटचा सरकणारा भाग दोन्ही दिशांना बारीक खटक्यांनी फिरला पाहिजे आणि कुलूपबंद झाला पाहिजे. स्वस्त साईट बाण सोडताना हलते आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका. भिंग ‘चार एक्स’ असं विकतात, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे एक्स जुळत नाहीत. डायॉप्टर (भिंगाची ताकद) विचारा आणि अर्ध्यापासून सुरू करा. भिंग मोठं केलं की टार्गेट मोठं दिसतं आणि हाताची थरथरही मोठी दिसते. नवशिक्या त्या थरथरीला घाबरून रिलीज दाबतो.

पीप. स्कोपचं बाहेरचं गोल कडं पीपच्या भोकात नेमकं, भोवती बारीक उजेडाची रेघ ठेवून बसलं पाहिजे. त्यामुळे पीपचा आकार स्कोप घेतल्यावरच ठरतो.

स्टॅबिलायझर. धनुष्य स्थिर ठेवायला पुढची लांब काठी आणि मागे एक आखूड. आधी वजनं कमीत कमी लावा. आठवड्याला थोडी वाढवा. एका दमात पुढे-मागे वजनांचा ढीग लावला की खांदा दुखतो, आणि खांदा दुखला की सराव बंद.

हाताचा गार्ड, क्विव्हर (बाणांचा भाता), बो-स्टँड, ॲलन-कीचा संच आणि स्ट्रिंगचं मेण ही पहिल्या दिवसाची यादी. महागडी पेटी थांबू शकते.

## टप्पा ८: जोडणी आणि ट्यूनिंग, याच क्रमाने

१. धनुष्याच्या आसांमधली लांबी आणि ब्रेस हाईट पुस्तिकेशी जुळवा. दोन कॅम असतील तर ते वॉलला एकाच वेळी टेकतात का ते बघा. बो-प्रेसशिवाय स्ट्रिंग-केबलला हात लावायचा नाही.

२. रेस्ट बसवा. बाण धनुष्यातल्या रेस्ट बसवायच्या भोकाच्या मध्यासमोरून जाईल आणि स्ट्रिंगच्या रेषेत राहील असा.

३. नॉकची जागा ठरवा. सुरुवात काटकोनातून. मग डी-लूप बांधा.

४. ड्रॉ लेंथ शेवटची तपासा. डी-लूपने ती बदलली असू शकते.

५. पीप. डोळे मिटून खेचा, अँकर लावा, मग डोळा उघडा. पीप समोर हवा. पीप शोधायला मान हलवायची नाही, पीप वर-खाली सरकवायचा.

६. साईट आणि तिचा बबल. धनुष्य उभं सरळ असताना बबल मध्यावर येतोय का? सपाट मैदानावर एवढं पुरतं. डोंगर-उतारावरच्या फील्ड स्पर्धेला तिसऱ्या अक्षाची जुळणीही लागते.

७. कागद. चौकटीत ताणलेल्या कागदातून सुमारे दोन मीटरवरून बाण सोडा. फाट एक भोक आणि त्याला तीन पिसांच्या चिरा अशी असावी. पिसांकडची फाट टोकाच्या वर असेल तर नॉकची जागा थोडी खाली घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन बाणांशिवाय निष्कर्ष काढू नका. आडव्या फाटेचं कारण पुष्कळदा हाताची पकड असते. रेस्ट सरकवायच्या आधी ग्रिप सैल करून बघा.

८. मग साईट जुळवणी: १०, २०, ३० आणि शेवटी ५० मीटर. बाण जिकडे, साईट तिकडे. उजवीकडे लागले तर साईट उजवीकडे, खाली लागले तर साईट खाली. एका बाणावरून नाही, गटावरून.

सावध: थेट ५० मीटरवरून सुरुवात केली की बाण टार्गेटच्या बाहेर जातात, हरवतात आणि घाईघाईने दहा ठिकाणी स्क्रू फिरवले जातात. मग मूळ जुळणी काय होती हेही आठवत नाही. प्रत्येक जुळणीला वहीत आकडा लिहा आणि धनुष्यावर पांढऱ्या पेनाने बारीक खूण करा.

## टप्पा ९: धनुष्य टिकवण्यासाठी

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. स्ट्रिंग ताणली जाते, पीप फिरतो, आणि स्पर्धेच्या सकाळी सगळे बाण एका बाजूला जातात. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेला, पेटी बंद ठेवली की कोंदटपणा आत साचतो. घरी आल्यावर कॅम, आस आणि रेस्टचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसा. धनुष्य उघड्यावर सुकवा, मगच पेटीत ठेवा. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका.

स्ट्रिंगला मेण थोडं-थोडं आणि वरचेवर लावा. गुंडाळलेल्या जागी लावू नका. डी-लूपला केस आले की त्याच दिवशी बदला. तो तुटला तर रिलीज धरलेला हात थेट तोंडावर येतो. धागे तुटायला लागले की स्ट्रिंग आणि केबल पूर्ण संचच बदला, आणि तो संच स्पर्धेच्या निदान तीन-चार आठवडे आधी बसवा. नवी स्ट्रिंग बसल्यावर काही दिवस ताणते, तेवढ्यात पीप आणि कॅमची जुळणी पुन्हा करावी लागते. जिल्हा निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी स्ट्रिंग बदलायला येणाऱ्यांना मी नेहमी एकच सांगतो: जुनी चालतेय का ते बघू, नवी परवा बसवू.